त्याला तीन इलाज, हिला दोन

६ जानेवारी २०२५, सोमवार. पूर्णा

दवाखान्याने एक वही दिली आहे. म्हाळसाने काय खाल्लं, ताप आला का, पायाची कातडी कशी आहे, एवढं रोज त्यात लिहायचं. चंदा म्हणाली, "बाबा, तुमी सातवी शिकलेले. तुमीच लिवा." लिहिलं. पण त्या वहीतले रकाने लहान आहेत आणि ती डॉक्टर वाचतात. म्हणून स्टेशनाजवळच्या दुकानातून ही दुसरी आणली. ही कोणी वाचायची नाही.

म्हाळसा म्हणजे माझी बायको. तिच्या उजव्या मांडीला मागच्या बाजूने गाठ आहे. मागच्या उन्हाळ्यात लिंबाएवढी होती. दुखत नव्हती म्हणून तिने सांगितली नाही. सांगितली तेव्हा मी म्हणालो, चरबीची असेल, मेंढरांना असते तशी. दिवाळीपर्यंत नारळाएवढी झाली. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला. हाडाचा नाही, मांसाचा. सार्कोमा असं नाव आहे.

असं ठरलं आहे : आधी यंत्राचा शेक, बाई त्याला रेडिएशन म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, एकूण पंचवीस. मग महिना-दीड महिना थांबायचं. मग ऑपरेशन. आधी शेक दिला की गाठीच्या कडेचं विष मरतं, मग पाय न कापता नुसती गाठ काढता येते. बाई म्हणाल्या, "पाय वाचवायचा प्रयत्न करू." प्रयत्न हा शब्द मला आवडला नाही.

मेंढरं गावी बोरीला मुलाकडे, अमृतकडे सोडली आहेत. आम्ही इथे लेकीकडे, चंदाकडे. जावई रेल्वेत आहे. रोज सकाळच्या गाडीने नांदेडला जायचं आणि दुपारी परत.

आज पहिला शेक. यंत्रावरचे धम्मानंद सर यांनी म्हाळसाच्या मांडीवर निळ्या शाईने रेघा काढल्या. "पुसायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, कातडीला काहीसुद्धा लावायचं नाही," म्हणाले. आम्ही मेंढरांना गेरूची खूण करतो, कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी बोट उमटू दिलं नाही, आणि आज परक्या माणसाने खुणा केल्या, मी दाराबाहेर उभा. त्याचं काम आहे, मला कळतं. तरी.

८ जानेवारी, बुधवार

गाडीत एक माणूस भेटला. रंगनाथ नाव. सोनपेठकडचा शेतकरी, पंचावन्नच्या आसपास. बायको सहा वर्षांमागे वारली. पूर्णेत बहिणीकडे उतरला आहे. त्यालाही तीच गाठ, डाव्या मांडीला. त्याचा शेक आमच्या आठवडाभर आधी सुरू झाला. डोक्यावर केस नाही, भुवयासुद्धा नाहीत.

म्हाळसा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो म्हणाला, "आक्का, काय बगायलाव? भादरलेलं मेंढरू हाय मी."

म्हाळसा म्हणाली, "आमच्याकडं वर्साला दोनदा भादरत्यात. पर तुमची लोकर लय बारीक निगाली असंल. भाव न्हाई यायचा."

दोघे हसले. डब्यातल्या बायाही हसल्या. गाठ निघाल्यापासून म्हाळसा हसली नव्हती. त्याआधी माझ्या बोलण्यावर ती कधी हसली होती ते मी नांदेड येईपर्यंत आठवत होतो. आठवलं नाही.

मला तो 'दाजी' म्हणतो. मी याच्या घरची सोयरीक कधी केली?

१० जानेवारी, शुक्रवार

म्हाळसाला बसता येत नाही. बाकावर गाठ दाबली जाते. ती पूर्णेहून नांदेडपर्यंत एका बाजूवर टेकून जाते. मी तिला घोंगडी घडी करून दिली होती. काही उपयोग झाला नाही.

आज रंगनाथने पिशवीतून जुन्या लुगड्याची चुंबळ काढली. बाया डोक्यावर घागर ठेवायला करतात तशी, पण मोठी, ताटाएवढी. बाकावर ठेवली आणि म्हणाला, "आक्का, गाठ मदल्या खड्ड्यात सोडा आन् बसा." म्हाळसा बसली. चक्क मांडी टेकून बसली आणि डोळे मिटले.

मी म्हणालो, "हे मलाबी सुचलं असतं."

ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमाला कसं सुचंल? त्याला ठावं हाय कुटं दुकतंय."

आज जेवलो नाही. चंदाला सांगितलं, पोट भरलं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंत्राच्या दाराशी रंगनाथने सगळ्यांना तिळगूळ वाटला. धम्मानंद सरांना, झाडूवालीला, मला. म्हाळसाला दोन लाडू दिले. मी मोजले.

१६ जानेवारी, गुरुवार

आज एक गोष्ट कळली आणि माझं डोकं फिरलं.

रंगनाथला नुसता शेक आणि ऑपरेशन नाही. त्याला शेकाच्या आधी तीन महिने सलाईनमधून लाल औषध दिलं. त्यानेच केस गेले. लाल म्हणजे अगदी कुंकवाच्या पाण्यासारखं लाल, असं तो सांगत होता. लघवीसुद्धा लाल व्हायची. म्हणजे त्याला तीन इलाज : लाल औषध, शेक, ऑपरेशन. आणि म्हाळसाला दोन.

गाठ तीच. मांडी तीच. दवाखाना तोच. डॉक्टर त्याच. कार्डसुद्धा तेच, सरकारी. मग हिला एक कमी का?

म्हाळसाला विचारलं. ती म्हणाली, "असंल काई. त्यायला कळतंय."

तिला फिकीर नाही. मला आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना गाठलं. सरळ विचारलं, "रंगनाथला तीन आन् आमच्या माणसाला दोनच, हे कसं?"

त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "आजोबा, दोन म्हणजे कमी नाही. ते लाल औषध हृदयावर ताण देतं. आजींच्या हृदयाची सोनोग्राफी केली होती, आठवतं? त्यांचं हृदय ते सोसणार नाही. गाठीला औषध द्यायचं आणि माणूस गमवायचा, असं करून कसं चालेल? प्रत्येकाची जोडणी वेगळी असते. तुम्ही मेंढ्या पाळता ना? मोठ्या मेंढीला आणि कोकराला जंताचं औषध सारखंच पाजता का?"

मी म्हणालो, "न्हाई. कोकराला अर्धं."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटला बोलावलं.

गाडीत बसल्यावर मला उत्तर सुचलं. अर्धं पाजतो, पण पाजतोच ना? कोकरू लहान आहे म्हणून कोरडं सोडत नाही.

आणि हृदय कमजोर म्हणे. तीस वर्षं ही बाई मेंढरांमागे जिंतूरपासून गोदावरीपर्यंत चालली. डोक्यावर बिऱ्हाड, काखेत लेकरू. तिचं हृदय कमजोर, आणि त्या टकल्याचं मजबूत?

२० जानेवारी, सोमवार

यंत्राबाहेरच्या बाकावर ते दोघे शेजारी बसतात, कारण दोघांचा नंबर पाठोपाठ असतो. मी समोरच्या भिंतीशी. पेशंटच्या बाकावर पेशंटनेच बसायचं, असा शिरस्ता आहे.

आज मी पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तर म्हाळसा त्याला विचारत होती, "बायको गेल्यावर तुमी भाकर कुणाकडून शिकलाव?"

"कुणाकडून न्हाई. आधी पंदरा दिवस पीठ कालवून खाल्लं. मंग शेजारची म्हातारी म्हनली, रंग्या, मर्दा, पानी कोमट घे."

"आन् एकल्यानं घरात गमतंय का?"

"पयलं वरीस न्हाई गमत. मंग रेडू लावून ठिवायचा. कुणीतरी बोलायलंय असं वाटतंय."

"चहा तरी येतो का करता?"

"माणसाला काई बी येतंय आक्का. येळ लागतो."

मला बघून म्हाळसाने पाण्यासाठी हात पुढे केला.

एका बाईने परक्या माणसाकडे त्याच्या भाकरीची चौकशी कशाला करावी? त्याला कोण रांधून घालतं, याच्याशी हिचा काय संबंध? मी मुकाट्याने पाणी पाजलं असतं तर ठीक होतं, पण मी पाण्याची बाटली तिच्या हातात आपटली.

२२ जानेवारी, बुधवार

आज तर हद्द झाली. रंगनाथ संध्याकाळी चंदाच्या घरी आला. बहिणीच्या शेतातली ज्वारी, म्हणून पीठ घेऊन आला. म्हाळसा खाटेवर पडली होती. ती म्हणाली, "भाऊ, करून दावा बरं भाकर. बगू तरी."

तो चुलीपुढे बसला, एक पाय लांब करून. कोमट पाणी, परात, पीठ. थापताना मलाच म्हणतो, "दाजी, हिकडं या. हात असा वला करायचा बगा. कड फुटली तर घाबरायचं न्हाई, अंगठ्यानं दाबायची. घ्या, तुमी थापा एक."

"मला काय करायचंय?" मी म्हणालो.

"शिकून ठिवा की," म्हाळसा खाटेवरून म्हणाली. "काई बिघडतंय का?"

"माझ्या घरात तीन बाया हायत. तू, चंदा, सून शिवकन्या. मी कामून थापू?"

तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्याची भाकर चांगली फुगली, हे मान्य करतो. तिच्यापुढे मोठेपणा मिरवायला आला होता, दुसरं काय. मी ती खाल्ली नाही. म्हाळसाने दीड खाल्ली. दवाखान्याच्या वहीत लिहिलं : जेवण चांगलं.

२५ जानेवारी, शनिवार

आज शेक नाही. चंदा बाजारात गेली होती. मी जे ठरवलं होतं ते केलं.

आमच्याकडे मेंढराच्या सुजेवर, गाठीवर बिब्बा लावतात. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की गाठीच्या भोवती काळे ठिपके द्यायचे. आतलं विष वर येतं. माझ्या बापाने लावला, त्याच्या बापाने लावला. गाठी बसलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. कमी लावायचा, कोकराला लावतो तसा. म्हणजे तिसरा इलाजही झाला आणि हृदयावर ताणही नाही. बोरीहून अमृतने पाठवलेल्या पिशवीत मी चार बिब्बे मागवून घेतले होते.

म्हाळसा म्हणाली, "सरांनी काई लावू नका म्हनलंय."

मी म्हणालो, "त्याच्या पायाला तीन आन् तुज्या पायाला दोनच? मी जित्ता असताना?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चिडेल. चिडली नाही. म्हणाली, "तुमचा जीव लय घाबरा झालाय."

"मी न्हाई घाबरलो."

"बरं. आना. लावा."

पालथी झाली आणि तोंड उशीत घातलं. निळ्या रेघांच्या बाहेरून मी सात ठिपके दिले. रेघा पुसू दिल्या नाहीत. तेल जास्त सुटलं म्हणून एक जरा मोठा पडला. ती नंतर म्हणाली, "झालं का मनासारकं?"

झालं. आठवडाभरात आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२७ जानेवारी, सोमवार

लिहवत नाही पण लिहितो.

कालच फोड आले होते. आज सकाळपर्यंत मांडी मागून सगळी लाल, ठिपक्यांचे फोड होऊन एकमेकांत मिसळले, पाणी वाहायला लागलं. शेकाने कातडी आधीच नाजूक झालेली. बिब्बा साध्या कातडीला झोंबतो, इथे तर भाजल्यासारखं झालं. धम्मानंद सरांनी बघितलं आणि यंत्र सुरूच केलं नाही. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"हे काय लावलं? कोणी लावलं?"

मी तोंड उघडलं. तसाच मागे दाराशी सरकलो.

म्हाळसा म्हणाली, "म्याच लावला. खाज सुटली व्हती. आडानी बाई मी, चुकलं."

बाई तिच्यावर फार रागावल्या. शेक बंद. जखम भरेपर्यंत, दोन आठवडे तरी. पंधरा झाले होते, दहा राहिले. मधे खंड पडला की गाठीला फावतं म्हणे. आणि ऑपरेशनच्या वेळी टाके घालायला तिथली कातडी चांगली हवी, ती आता राहिली नाही. "पायाचं मी आता काही खात्रीने सांगू शकत नाही," म्हणाल्या.

मी दाराशी उभा राहून सगळं ऐकलं. दवाखान्याच्या वहीत काय लिहू, म्हणून म्हाळसाला विचारलं. ती म्हणाली, "मी सांगितलं तेच लिवा."

तेच लिहिलं.

३० जानेवारी, गुरुवार

ड्रेसिंग मी करतो. चंदा करते म्हणाली, मी करू दिलं नाही. मिठाच्या पाण्याची पट्टी, मग मलम. म्हाळसा दात आवळते. माझ्याकडे बघत नाही, किंवा मी तिच्याकडे बघत नाही.

अमृतचा फोन आला होता, मेंढरं गोदाकाठी नेऊ का म्हणून. मी म्हणालो, तुला जे करायचं ते कर. आजपर्यंत असं कधी म्हणालो नव्हतो.

२ फेब्रुवारी, रविवार

रंगनाथचे पंचवीस शेक शुक्रवारी पूर्ण झाले. आज सोनपेठला जायच्या आधी भेटायला आला. म्हाळसाशी बराच वेळ बोलला. मी अंगणात बसलो. निघताना माझ्याशेजारी ओट्यावर टेकला, पाय लांब करून.

"दाजी, मलाबी लावला व्हता बिब्बा. माज्या मायनं. गाठ लिंबाएवडी व्हती तवा. सहा म्हयने बिब्बाच चालला. म्हनून तर मला दवाखान्यात जायला उशीर झाला."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हणजे हिने याला सांगितलं. डॉक्टरपुढे, लेकीपुढे जे झाकलं, ते याला सांगितलं. आमच्या दोघांतली एवढी एकच गोष्ट अशी होती की जी तिने माझ्यासाठी पोटात ठेवली, असं मी धरून चाललो होतो. सहा दिवस मी तेवढ्यावर जगत होतो. तीही त्याला देऊन टाकली.

"मायला काई बोललाव का तुमी?" मी विचारलं.

"काय बोलणार? तिच्या हातात तेवडंच व्हतं."

त्याला बसस्टँडपर्यंत पोचवायला जायला हवं होतं. गेलो नाही. म्हाळसाने रात्री फक्त एवढंच विचारलं, "एष्टी भेटली असंल का त्यायला?"

१० फेब्रुवारी, सोमवार

शेक पुन्हा सुरू. सोळावा.

गाडीत आता आम्ही दोघेच. मला वाटलं होतं बरं वाटेल. म्हाळसा चुंबळीवर बसते आणि खिडकीबाहेर बघते. मी एक-दोन गमती सांगून बघितल्या. आमचा जुना बकरा पाटलाच्या लग्नाच्या मांडवात घुसला होता ती गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मी तितंच व्हते की."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचवीस झाले. धम्मानंद सर म्हणाले, आजी, आता या दाराशी येऊ नका. चांगल्या अर्थाने म्हणाले. आता ऑपरेशन एप्रिलच्या सुरुवातीला. जखमेने खपली धरली आहे, पण कातडी पापडासारखी पातळ, चकाकते. मी रोज बोटाने न शिवता बघतो.

९ मार्च, रविवार

रंगनाथचा फोन आला. म्हाळसाच्या फोनवर नाही, माझ्या. नंबर चंदाकडून घेतला म्हणाला.

त्याचं ऑपरेशन या आठवड्यात होणार होतं. त्याआधी छातीचा फोटो काढला, मोठ्या यंत्रातला. फुप्फुसात निघालं. दोन्हीकडे, बारीक बारीक. ऑपरेशन रद्द. आता दुसरं औषध देऊन बघणार.

मला पहिला विचार काय आला तो इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार? पहिला विचार आला की तीन इलाज ठरूनही. त्यामागून दुसरा आला : आता हा चौथा इलाज. हे मी मोजायला नको होतं.

तो म्हणाला, "आक्काला सांगू नका दाजी. तिचं आपरेशन व्हू द्या. घोर लावून घेईल."

मी म्हणालो, "न्हाई सांगत."

"तुमच्यावर भरवसा हाय म्हनून तुमाला केला फोन."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो. म्हाळसाने आतून विचारलं, "कुणाचा व्हता?" मी म्हणालो, अमृतचा. मेंढरांचं विचारत होता.

  त्याची एक गोष्ट अशी आहे जी मला माहीत आहे आणि तिला नाही. याचा मला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी.

१९ मार्च, बुधवार

म्हाळसा दिवसाआड विचारते, "रंगनाथभाऊचं आपरेशन झालं असंल की. फोन कामून उचलंना?" मी सांगतो, टाके असतील, आराम करत असेल. खोटं बोलणं मला जमत नाही असं मला वाटायचं. जमतं.

१ एप्रिल, मंगळवार. नांदेड

उद्या ऑपरेशन. सहीला बोलावलं. डॉक्टरीणबाई आणि ऑपरेशन करणारे सर दोघे होते. सर म्हणाले, गाठ आणि तिच्याभोवतीचं बोटभर चांगलं मांस असं एकत्र काढायचं. छातीचा फोटो स्वच्छ आहे. पण मागची कातडी भाजलेली आहे, ती जुळणार नाही. दुसऱ्या मांडीची कातडी काढून ठिगळ लावावं लागेल. ते धरलं नाही किंवा गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली निघाली तर पाय काढावा लागेल. ते आत गेल्यावरच कळेल.

सही करायला पेन हातात घेतलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणालो, "बाई, बिब्बा तिनं न्हाई लावला. म्या लावला. वहीत खोटं लिवलंय."

डॉक्टरीणबाईंनी मान वरही केली नाही. "मला माहीत आहे, आजोबा. मांडीच्या मागे त्यांचा हात पोचतच नाही."

"मंग तुमी तिच्यावर रागावलात कामून?"

"तुमच्यावर रागावले असते, तर ड्रेसिंग कोणी केलं असतं?"

सही केली. माझं नाव, ग्यानबा, एवढंच उमटलं, पुढचं आडनाव लिहिताना कागद दिसेना.

२ एप्रिल, बुधवार

साडेनऊला आत नेलं. मी, चंदा, अमृत बाहेर. अमृत मेंढरं शिवकन्येवर सोडून आला. तीन वाजता दार उघडलं. सर म्हणाले, "पाय आहे."

एवढंच ऐकलं. मग मी सरांचे पाय धरले, लोक बघत होते तरी.

१७ एप्रिल, गुरुवार

ठिगळाने धरलं. एका कोपऱ्यात थोडं काळं पडलं आहे, पण धरलं. एक शीर कापावी लागली, म्हणून पाऊल नीट उचलत नाही. लंगडेल, पण चालेल.

आज काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई स्वतः खाटेपाशी आल्या. "कडा मोकळ्या आहेत," म्हणाल्या. म्हणजे कापलं त्या काठाला कर्करोग राहिला नाही. गाठीतला बराचसा भाग शेकानेच मेला होता. आता दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो. पुढे काय ते कोणी सांगू शकत नाही, पण आज मोकळ्या.

म्हाळसा पहिलं काय बोलली? "रंगनाथभाऊला फोन लावा."

मी म्हणालो, "आधी अमृतला लावू."

"त्याला नंतर. आधी त्यायला लावा. तुमच्या फोनवरनं लावा, माजा उचलंना."

तिच्या हाताला सलाईन होतं. मी नंबर लावला. मनात म्हणत होतो, उचलू नये. उचलला. आवाज बारीक झाला होता, मागे कुठेतरी रेडिओ चालू होता. मी म्हणालो, "आक्काला बोलायचंय. कडा मोकळ्या निगाल्या." पलीकडे रेडिओ बंद झाला. मग तो म्हणाला, "द्या."

मी फोन तिच्या कानाला धरला.

"आक्का, पाय हाय का नेला कुणी?" तो म्हणाला. मला सगळं ऐकू येत होतं.

"हाय की. पर ठिगळ लावलंय. जुन्या गोधडीवानी."

"मंग यंदा पाहुण्याला आंथरायला घ्या."

म्हाळसा हसली. टाके दुखले तरी पोट धरून हसली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली.

"तुमचं कसं झालं?" तिने विचारलं. "आपरेशन झालं ना?"



"झालं की. म्हयना झाला," रंगनाथ म्हणाला. "माज्याबी कडा मोकळ्या."

"तर मंग! फोन कामून उचलत नव्हता?"

"झोपा काडायलो व्हतो आक्का. शेतात कुणी बोलवंना, दवाखान्यात कुणी बोलवंना. लय चैन चाललीय."

मग अर्धा तास. आपल्या गावची बोरं, त्याच्या बहिणीची सून, कोमट पाणी, पाऊस लागायच्या आधी सोनपेठला यायचं आमंत्रण. माझा हात भरून आला. दुसऱ्या हाताने धरला. मधे त्याला खोकला आला, तेव्हा त्याने फोन लांब केला असावा. म्हाळसा म्हणाली, लाईन खराब हाय. मी म्हणालो, "हां, इथं टावर येत न्हाई नीट."

शेवटी तो म्हणाला, "दाजी हायत का? द्या जरा."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो.

"दाजी, चालायला लागली की मंग सांगा तिला. तुमीच सांगा. मला जमायचं न्हाई."

मी हो म्हणालो. तब्येत विचारायची होती. त्याऐवजी तोंडातून निघालं, "भाकर कोण करायलंय तुमाला?"

"शेजारची म्हातारी," तो म्हणाला. "आता हात भरून येतो."

आत आलो तेव्हा म्हाळसा उशीला टेकून छताकडे बघत होती. तोंडावर अजून हसू होतं. "बगा," म्हणाली, "दोगंबी सुटलो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हनत व्हते भाऊ तुमाला येगळं?"

इतके दिवस मला वाटायचं की तिने एकदा तरी काहीतरी त्याला न विचारता मला विचारावं.

"तुजी काळजी घ्या म्हनला," मी म्हणालो.

"मंग घ्या की," ती म्हणाली आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणतात, तीन आठवड्यांत काठी घेऊन चालेल. मी दवाखान्याच्या वहीत लिहिलं : ताप नाही, जेवण ठीक, पेशंट खुशीत. तीन आठवडे आहेत.